कर्ज बुडाल्यानंतर पत पुन्हा उभी करताना: आधी नोंद, मग शिल्लक, मग छोटं कर्ज

सेटलमेंट झाली, वसुलीचे फोन थांबले, की बहुतेकांचा पहिला प्रश्न येतो: आता सिबिल कसं वाढवायचं? प्रश्न रास्त आहे, पण घाईचा आहे. या घाईतच लोक 'स्कोअर सुधारायला' म्हणून एखाद्या ॲपवरून नवं कर्ज काढतात, त्याचा तिसरा-चौथा हप्ता चुकतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझ्या मते क्रम असा हवा: आधी जुन्या कर्जांची नोंद नीट करून घ्यायची, मग हातात थोडी शिल्लक उभी करायची आणि त्यानंतरच छोटं कर्ज घ्यायचं. हा क्रम उलटा केला की पाय पुन्हा त्याच खड्ड्यात जातो.

आधी हे ठरवा, तुमचं कर्ज कोणत्या अवस्थेत आहे

'त्याचं दिवाळं निघालं' असं आपण सहज म्हणतो, पण कोर्टाने रीतसर नादार जाहीर केलेली माणसं आपल्याकडे थोडी. २०१६च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. तो १ डिसेंबर २०१९पासून लागू झाला, पण फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. पगारदार माणूस किंवा छोटा दुकानदार यांच्यासाठी अजून जुनेच कायदे आहेत: मुंबईसारख्या जुन्या इलाखा शहरांत १९०९चा, बाकी ठिकाणी १९२०चा. या मार्गाने गेला असाल तर कोर्टाच्या मुक्ततेच्या आदेशाची प्रमाणित प्रत जन्मदाखल्यासारखी जपा.

बाकी बहुतेकांची गाडी पुढच्यापैकी एका ठिकाणी उभी असते.

पहिलं, सेटलमेंट. बँकेने काही रक्कम सोडली, उरलेली घेतली आणि खातं मिटवलं. तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्जं आणि हप्ते यांच्या नोंदींच्या अहवालात, अशा खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा लागतो.  हे 'क्लोज्ड' (पूर्ण फेडून बंद) नव्हे. पुढचा कर्जदाता त्यातून एवढंच वाचतो की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत.

दुसरं, 'रिटन ऑफ'. इथे मोठा गैरसमज आहे. बँकेने आपल्या ताळेबंदातून कर्ज काढून टाकलं म्हणजे तुमचं देणं संपलं, असं नाही. वसुली चालूच राहू शकते. 'बँकेने माफ केलंय' असं कुणी सांगितलं तर लेखी पत्र मागा. ते मिळालं नाही तर देणं उभं आहे असंच धरून चाला.

तिसरं, कर्ज विकलं गेलं. बँका थकीत कर्जं मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात आणि एक दिवस अनोळखी कंपनीचा फोन येतो. पैसे देण्याआधी दोन्हीकडून खात्री करा. मूळ बँकेकडे लेखी विचारा की हे खातं कुणाला आणि कधी हस्तांतरित केलं. नव्या कंपनीकडून हस्तांतरणाचं पत्र घ्या. आणि कोणत्याही परिस्थितीत एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही टाकू नका. पैसे कंपनीच्या किंवा कर्जाच्या खात्यातच जायला हवेत.

अजून कर्ज थकलेलंच असेल आणि वसुलीवाले दारात येत असतील, तर एवढं लक्षात असू द्या: रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीचे फोन सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर करता येत नाहीत. धमकी, शिवीगाळ, शेजाऱ्यांसमोर अपमान यातलं काहीही चालत नाही. तारीख-वेळेसकट लिहून ठेवा, पुढे तक्रारीत उपयोगी पडतं.

चारही रिपोर्ट काढा आणि बारकाईने वाचा

आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण भारतात असे रिपोर्ट बनवणाऱ्या चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने तुम्हाला वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट मोफत दिलाच पाहिजे. तोही त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या. 'फ्री स्कोअर' दाखवणारी ॲप्स स्कोअर दाखवतात हे खरं, पण त्याबरोबर कर्जाच्या जाहिरातीही पाठवत राहतात, आणि आत्ता नेमकं तेच तुम्हाला नको आहे. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

पहिल्या वेळी चारही एकदम काढा, कारण एखादी चूक एका ठिकाणी असते आणि दुसरीकडे नसते. पुढच्या वर्षापासून दर तीन महिन्यांनी एक काढलात तर वर्षभर मोफत लक्ष राहतं.

स्कोअर ३०० ते ९००च्या दरम्यान असतो. तो आकडा बघून घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. खरा मजकूर आत आहे. प्रत्येक कर्जाखाली महिन्यामहिन्याची चौकट असते, सिबिलच्या रिपोर्टात मागच्या ३६ महिन्यांपर्यंतची. त्या चौकटीत हप्ता किती दिवस थकला होता ते लिहिलेलं असतं. समजा मार्चखाली ०००, एप्रिलखाली ०३०, मेखाली ०६१ आणि जूनखाली ०९१ आहे. याचा अर्थ मार्चपर्यंत सगळं सुरळीत होतं, नंतर एकही हप्ता गेला नाही आणि ९० दिवस उलटल्यावर खातं अनुत्पादक (एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीतकडे झुकलेलं) झालं. काही बँका दिवसांऐवजी इंग्रजी अक्षरं टाकतात. 'एसटीडी' म्हणजे नियमित. 'एसयूबी', 'डीबीटी' आणि 'एलएसएस' म्हणजे खातं बिघडत गेल्याच्या पायऱ्या. 'एक्सएक्सएक्स' असेल तर त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलेलीच नाही.

आता पेन घेऊन बसा आणि ओळीओळीने तपासा. नाव, पॅन, जन्मतारीख बरोबर आहे का? तुम्ही कधीच न घेतलेलं कर्ज आहे का? फेडलेल्या कर्जावर अजून शिल्लक दिसते का? सेटल झालेल्या खात्यावर 'ओव्हरड्यू' म्हणजे थकीत रक्कम शून्य झाली आहे का? एकच कर्ज मूळ बँकेच्या नावाने आणि विकत घेणाऱ्या कंपनीच्या नावाने असं दोनदा तर आलं नाही ना? आणि ज्याचा बहुतेकांना विसर पडतो ते: तुम्ही कधीकाळी कुणाला जामीन राहिला होतात, तर ते कर्जही तुमच्या रिपोर्टात दिसतं.

चूक सापडली तर

ज्या कंपनीच्या रिपोर्टात चूक आहे, तिच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवा आणि त्याच दिवशी बँकेलाही ईमेल करा. दोन्हीकडे, कारण ही कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. तिला बँकेची पुष्टी लागते. आणि बँकेत तुमची फाइल कुणाच्या तरी टेबलावर पडून राहते, ती हलवायला ईमेलच लागतो. सोबत सेटलमेंटचं पत्र, पैसे भरल्याची पावती आणि थकबाकी नसल्याचा दाखला जोडा.

तक्रार ३० दिवसांत सुटली पाहिजे. त्यातले २१ दिवस बँकेने दुरुस्त माहिती पाठवण्यासाठी आहेत. मुदत उलटली तर दर दिवशी १०० रुपये भरपाई मिळायला हवी. हा नियम एप्रिल २०२४पासून लागू आहे. ती आपोआप खात्यात येईल या भरवशावर राहू नका, तक्रारीच्या क्रमांकासह लेखी मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. २०२२पासून क्रेडिट माहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत, त्यामुळे 'आमचा संबंध नाही, बँकेला विचारा' हे उत्तर आता पुरेसं नाही.

दुरुस्ती झाल्यावर रिपोर्टमध्ये दिसायला पूर्वी महिना जायचा. १ जानेवारी २०२५पासून बँकांना निदान पंधरवड्यातून एकदा माहिती पाठवावी लागते. हा बदल दोन्ही बाजूंनी चालतो, बरं का. चुकलेला हप्ताही आता लवकर दिसतो.

बँकेकडे तुमचा चालू मोबाइल नंबर आणि ईमेल आहे ना, हेही बघून घ्या. कुणी तुमचा रिपोर्ट पाहिला किंवा बँकेने थकबाकीची नोंद पाठवली, की तुम्हाला सूचना यायला हवी. जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर ती गेली तर काय उपयोग?

'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' करावं का?

करता येतं. बँकेने सोडलेली रक्कम नंतर भरून, तसा दाखला घेऊन शेरा बदलून घेता येतो. पण बँक तयार हवी, आणि पैसे भरण्याआधी तिच्या लेटरहेडवर हे लिहून हवं की अमुक रक्कम मिळाल्यावर खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवलं जाईल. खातेक्रमांक, रक्कम, मुदत, सगळं त्या पत्रात असावं. फोनवरच्या आश्वासनावर पैसे भरू नका. फोनवर बोलणारा माणूस सहा महिन्यांनी त्या नोकरीत असेलच असं नाही.

घाई करावी का? सोडलेली रक्कम दहा-वीस हजारांची असेल आणि पुढे घरासाठी कर्ज लागणार असेल, तर हा सौदा चांगला आहे. पण रक्कम लाखांत असेल आणि तुमच्याकडे महिन्याभराच्या खर्चाचीही शिल्लक नसेल, तर ती भरण्यासाठी पुन्हा उसनवारी करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. क्रेडिट माहिती कंपन्यांनी नोंदी किमान ७ वर्षं जपाव्यात असा नियम आहे, म्हणजे शेरा लगेच पुसला जाणार नाही. पण जुन्या शेऱ्यावर नव्या नियमित नोंदींचा थर चढत जातो, आणि कर्ज देणारा ताज्या महिन्यांकडे जास्त बघतो.

घर किंवा दुसरी स्थावर मालमत्ता तारण असेल आणि कर्ज पूर्ण मिटलं असेल, तर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवशी ५,००० रुपये भरपाईचा नियम डिसेंबर २०२३पासून आहे.

गळती नेमकी कुठे होती?

इथे बहुतेक सल्ले 'बाहेरचं खाणं कमी करा' यावर येऊन थांबतात. मला ते अर्धवट वाटतं. माणसं कर्जात बुडतात त्याला हॉटेलची बिलं क्वचितच एकटी कारणीभूत असतात. आजारपण, सुटलेली नोकरी, बसलेला धंदा, बहिणीच्या किंवा मुलीच्या लग्नाचा न झेपणारा खर्च, भावासाठी दिलेला जामीन, ही कारणं जास्त मोठी असतात. म्हणून आधी कागदावर लिहा: पहिला हप्ता कोणत्या महिन्यात चुकला आणि त्याच्या आधीच्या सहा महिन्यांत घरात काय घडलं? उत्तर 'दवाखाना' असेल तर तुमचा उपाय काटकसर हा नाही, विमा हा आहे. उत्तर 'पगार चार महिने आला नाही' असेल तर उपाय शिल्लक हा आहे. आणि उत्तर 'काहीच घडलं नव्हतं, कार्ड आपोआप भरत गेलं' असं असेल, तर मात्र खर्चाची सवय हाच आजार आहे.

कारण कोणतंही असो, दोन महिने खर्च लिहा. ॲप नको, वहीच घ्या. लिहिताना हात जरा अडखळतो आणि तेच हवं असतं. यूपीआयने दहा-वीस रुपयांचे व्यवहार इतके सोपे झालेत की ते खर्चासारखे वाटतच नाहीत. रोज रात्री बँकेचे मेसेज उघडा आणि एकेक ओळ उतरवा. पहिल्या महिन्यात काहीही कमी करायचं नाही, फक्त लिहायचं. कमी करायला लागलात की माणूस स्वतःशीच खोटं लिहितो.

दोन महिन्यांनी वहीत तीन गोष्टी शोधा.

पहिली: आपोआप कापले जाणारे पैसे. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे'चा विभाग असतो, कार्डाच्या ॲपमध्येही असतो. विसरलेली वर्गणी, बंद केलेल्या क्लासचा हप्ता, एका महिन्याच्या 'फ्री ट्रायल'वरून सुरू झालेलं काहीतरी तिथे हमखास सापडतं. अशी रक्कम कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी असा नियम आहे. ती सूचना वाचायची सवय लावा. फक्त कर्जाच्या हप्त्याचं मँडेट, म्हणजे आपोआप कापायची परवानगी, चुकून रद्द करू नका.

दुसरी: वर्षातून एकदा येणारे खर्च. शाळेची फी, गाडीचा विमा, गणपती, दिवाळी, घरपट्टी, लग्नसराईतले आहेर. हे खर्च दरवर्षी येतात आणि दरवर्षी आपल्याला 'अचानक' वाटतात. कार्ड बाहेर निघतं ते याच वेळी. गेल्या वर्षीची बेरीज करा. समजा ती ६०,००० आली, तर दरमहा ५,००० वेगळ्या खात्यात पगाराच्या दिवशीच गेले पाहिजेत. एवढे जात नसतील तर दिवाळीचा आकडा छोटा करायचा, हे ऑगस्टमध्येच घरात बोलून घ्यायचं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी हा विषय काढला तर भांडणच होणार.

तिसरी: कार्डावरची 'किमान देय रक्कम'. हे गणित एकदा शांतपणे बघा. कार्डावर ५०,००० थकलेत, व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे आणि किमान देय ५ टक्के, म्हणजे २,५०० रुपये आहे असं धरू. महिन्याचं व्याज झालं १,७५०. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३१५. एकूण २,०६५. तुम्ही भरलेल्या अडीच हजारांतून मूळ रकमेत गेले किती? ४३५ रुपये. शिवाय जुनी थकबाकी असताना कार्डावर केलेल्या नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, बिनव्याजी मुदत मिळतच नाही. 'किमान भरलं म्हणजे कार्ड नियमित' हे खरं आहे. तुमचं कर्ज मात्र जिथल्या तिथेच राहतं.

'नो कॉस्ट ईएमआय'ही याच जातीची. व्याज सवलतीच्या रूपात वजा केलेलं दिसतं, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा तुमच्याच माथी येते. आणि फायनान्स कंपनीकडून घेतलेला मिक्सर-मोबाइलचा हप्ताही रिपोर्टमध्ये कर्ज म्हणूनच बसतो.

आता पैशांची वाट बदला. पगार एका खात्यात येऊ द्या आणि हप्ते, भाडं, फी, सगळं तिथूनच जाऊ द्या. घरखर्चाची रक्कम चार भागांत तोडून दर सोमवारी दुसऱ्या खात्यात टाका आणि यूपीआय फक्त त्या दुसऱ्या खात्याला जोडा. गुरुवारी पैसे संपले तर सोमवारपर्यंत घरात जे आहे त्यात भागवायचं. पहिले दोन आठवडे चिडचिड होते, मग हात आपोआप आखडतो. ज्यांचं उत्पन्न महिन्यागणिक कमी-जास्त होतं, रिक्षावाले, फ्रीलान्सर, छोटे व्यापारी, त्यांनी गेल्या वर्षातल्या सर्वांत कमी महिन्याचा आकडा पगार धरावा आणि वरचं सगळं बाजूला टाकावं.

आणि हे सगळं जोडीदाराला माहीत असू द्या. थकलेल्या कर्जांच्या कितीतरी प्रकरणांत घरच्यांना कळतं ते वसुलीवाला दारात आल्यावर. मध्यंतरी जे व्याजावर व्याज चढलेलं असतं, ते निव्वळ लपवाछपवीचं असतं. महिन्यातून एकदा, पगारानंतरच्या रविवारी, वही दोघांनी उघडायची. मुलं मोठी असतील तर त्यांनाही बसवा. वह्या-पुस्तकांच्या यादीतून काय वगळता येईल हे ती कधी कधी आपल्यापेक्षा बरं सांगतात.

हातउसन्या पैशांचं काय? नातेवाईक व्याज मागत नाहीत म्हणून त्यांचं देणं सगळ्यात शेवटी ठेवलं जातं. रिपोर्टात ते दिसत नाही, पण पुढच्या संकटात पहिला फोन त्यांनाच जाणार आहे. यादी करा, प्रत्येकाला सांगा की दरमहा इतके देईन, हजार का असेना, आणि ठरलेल्या तारखेला द्या.

शिल्लक: आधी एक महिना, मग तीन

सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, असं सगळे सांगतात. कर्जातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाला तो आकडा ऐकूनच हातपाय गळाल्यासारखं होतं. पहिलं लक्ष्य एका महिन्याचा किराणा, भाडं आणि चालू हप्ते एवढंच ठेवा. ते झालं की तीन महिने. पैसे आवर्ती ठेवीत टाका, म्हणजे मोडायला एक पायरी जास्त लागते.

विमा याच टप्प्यावर. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघात संरक्षण मिळतं आणि जीवनज्योती योजनेत ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा. दोन्ही बँक खात्यातूनच कापले जातात, त्यामुळे मेअखेरीला खात्यात तेवढी रक्कम हवी. नोकरीत आरोग्य विमा नसेल तर कुटुंबासाठी तो घ्या, स्कोअर वाढवण्याच्या कोणत्याही खटपटीआधी.

आता छोटं कर्ज, आणि तेही तारणावर

निदान तीन-चार महिने सगळे हप्ते आणि बिलं वेळेवर गेली आणि महिन्याभराची शिल्लक टिकली, तर पुढचं पाऊल टाका.

सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड. तुम्ही बँकेत ठेव ठेवता, बँक त्यावर बोजा चढवते आणि ठेवीच्या ठरावीक टक्क्यांइतकी मर्यादा कार्डावर देते. बँकेचा धोका जवळपास शून्य असल्याने जुना रिपोर्ट खराब असला तरी हे कार्ड मिळण्याची शक्यता बरीच असते. ठेवीवर व्याज मिळत राहतं. मात्र कार्ड थकलं तर बँक ठेव मोडून पैसे वळते करेल.

कार्ड आलं की त्यावर एकच खर्च ठेवा, उदाहरणार्थ विजेचं बिल किंवा मोबाइल रिचार्ज. मर्यादा २०,००० असेल तर बिल ६,०००च्या आत राहू द्या, म्हणजे ३० टक्क्यांच्या खाली. पूर्ण रक्कम भरण्याचं ऑटोपे लावा; 'किमान रक्कम' हा पर्याय चुकून निवडला जात नाही ना, ते बघा. कार्डाचं बिल भरायला ठरलेल्या तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला, तरच ते थकीत म्हणून कळवता येतं. ही सवलत अडचणीसाठी आहे. दर महिन्याला तिच्यावर विसंबू नका.

सोनेतारण कर्जही रिपोर्टमध्ये येतं आणि सहज मिळतं. पण घरातलं सोनं म्हणजे बऱ्याचदा घरातल्या बाईचं सोनं, तेव्हा स्कोअर वाढवायला म्हणून ते गहाण टाकणं मला पटत नाही. खरीच गरज असेल तर घ्या. व्याज दरमहा भरा, शेवटी एकदम भरायच्या योजनेत लिलावाची नोटीस यायला वेळ लागत नाही.

पतसंस्थेकडून कर्ज घेणार असाल तर आधी विचारा की ही संस्था क्रेडिट माहिती कंपन्यांना नोंदी पाठवते का. पाठवत नसेल तर वर्षभर काटेकोर हप्ते भरूनही रिपोर्टात त्याचा मागमूस नसेल. भिशीचंही तेच.

या काळात यांच्यापासून लांब राहा

'आठ दिवसांत सेटल्ड शेरा काढून देतो' म्हणणारे एजंट. खरी नोंद पैसे देऊन कुणालाही पुसता येत नाही, आणि खोटी नोंद तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करू शकता. मग हा माणूस पैसे कशाचे घेतो? वर तुमचा पॅन आणि ओटीपीही त्याच्याकडे जातो.

झटपट कर्जाची ॲप्स. घ्यायचंच झालं तर रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर कर्ज देणाऱ्या ॲप्सची यादी आहे, तिथे नाव तपासा. कर्ज प्रत्यक्षात कोणती बँक किंवा वित्त कंपनी देते ते बघा. वार्षिक दर आणि सगळी फी लिहिलेलं मुख्य माहितीपत्रक मागा. संपर्कयादी, फोटो असली परवानगी मागणारं ॲप लगेच काढून टाका.

एकाच महिन्यात पाच ठिकाणी अर्ज. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते, आणि ओळीने चौकश्या दिसल्या की कर्जदात्याला वाटतं माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय.

आणि जामीनदारी. 'नुसती सही आहे' असं म्हणून कुणी आलं, तर सरळ सांगा की माझी पत अजून सावरायची आहे, माझ्या सहीने तुझंच कर्ज अडेल. हे खोटंही नाही आणि समोरचा दुखावतही नाही.

मोठ्या कर्जाची वेळ आल्यावर

ज्या बँकेशी सेटलमेंट केली, तिथे शेतीकर्ज वगळता किमान १२ महिने नवं कर्ज मिळत नाही. जून २०२३मधल्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीतच ही किमान मुदत आहे आणि बँक स्वतःच्या धोरणाने ती वाढवूही शकते. दुसऱ्या बँका किती थांबायला लावतील हे त्यांच्यावर आहे. ऑनलाइन अर्ज केला तर संगणक 'सेटल्ड' दिसताच नकार देण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा जिथे तुमचा पगार किंवा धंद्याचे पैसे येतात, त्या शाखेत जाऊन कर्ज अधिकाऱ्याला भेटा. एका फाइलमध्ये सेटलमेंटचं पत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, ताजा रिपोर्ट, वर्षभराचं खात्याचं उतारापत्रक आणि एक पानाचा खुलासा लावा: काय घडलं, कधी मिटलं, त्यानंतर काय बदललं. रडगाणं नको, तारखा आणि आकडे द्या. आजारपण असेल तर दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडा.

मागायची रक्कम ऐपतीपेक्षा थोडी कमी ठेवा. सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसले तर अधिकाऱ्याचा विश्वास बसतो आणि तुमचीही झोप उडत नाही. घरकर्जात पती-पत्नी दोघं अर्जदार असतील तर दोघांचेही रिपोर्ट पाहिले जातात, तेव्हा दुसऱ्याचाही आधीच तपासून घ्या.

नकार आला तर कारण लेखी मागा. अर्ज नाकारण्याची मुख्य कारणं लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. कारण 'जुना शेरा' असेल तर थांबणं एवढाच उपाय. कारण 'चालू हप्ते जास्त' असेल तर एखादं छोटं कर्ज आधी मिटवता येतं. आणि कारण रिपोर्टातली चूक निघाली, तर फाइल तशीच ठेवून पुन्हा तक्रारीच्या पायरीवर जा. तोवर त्याच आठवड्यात दुसऱ्या बँकेत अर्ज टाकू नका.